स्पॉट नंबर सात

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी पाचलाच निघतो.
पिशवीत कोयता, ओला पंचा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या कॉलेजात
नमुने आणायचं काम माझं,
नावं ठेवायचं खोबरेकर बाईंचं.

मार्चात रिक्सिया मिळणं म्हणजे चतुर्थीला बांगडा.
तरी एका जुन्या विहिरीच्या पोटात
जांभ्याच्या फटीत ती असते, चार आण्याएवढी,
मुळं नसून चिकटलेली.
मूलाभ म्हणतात त्याला. मुळांसारखं, पण मुळं नव्हेत.
मुंबईहून गणपतीला येणाऱ्या माझ्या भावाची आठवण होते.

तिच्या वरच्या पायरीला नेचा.
पान उलटं केलं की पाठभर तपकिरी पुळ्या,
पोरांना गोवर आल्यासारख्या.
फूल नाही, फळ नाही, बोभाटा नाही.
वारा आला की बीजाणू निघाले.

सायकसचा शंकू डाकबंगल्यातून.
चौकीदार दरवर्षी विचारतो, "ह्या खातत काय रे?"
"खायत नाय. ह्येच्यार मार्क गावतत."
बी उघडं, वर पांघरूण नाही,
म्हणून अनावृत्तबीजी. एवढं मलाही पाठ झालंय.

आंब्याचा मोहोर घरचाच.
पाच पुंकेसर, त्यातला एक कामाचा,
बाकीचे नुसते हजेरीला.
आमच्या ऑफिसात वेगळं काय आहे.

शेवटी मांडवीची खाडी, सुकतीला.
तिवराची मुळं चिखलातून नाकं वर काढून उभी,
आणि कांदळाला लोंबणाऱ्या हिरव्या काठ्या.
एक तोडतो. फक्त एक.

दुसऱ्या दिवशी दर दोन मिनिटांनी घंटा.
पोरं एकेका ताटलीपुढून सरकतात
रेशनच्या रांगेसारखी.
स्पॉट नंबर सात: तिशीतल्या एकोणतिसांनी लिहिलं, शेंग.
फिलोमिना डान्टसने काठी हातात घेतली,
टोकाला नख लावलं, वास घेतला,
घंटा झाली तरी हलेना.
मग लिहिलं: रोप. झाडावरच रुजलेलं. जरायुज अंकुरण.
खाली पेन्सिलीने, कुणी विचारलं नसताना:
सर, हे जिवंत आहे. परत लावाल का?

बाईंनी दोन पैकी दोन दिले.
पेन्सिलीची ओळ मला दाखवली, काही बोलल्या नाहीत.

मी बोललो फिलोमिनाशी, घंटा संपल्यावर.
माझ्या परड्यातला रातांबा आठ वर्षांचा,
फुलतो भरभरून, धरत काहीच नाही.
बायको म्हणते, वांझ आहे, तोडा, चुलीला तरी येईल.
तिने डबा मागवला, फूल फोडलं,
भिंगाखाली धरून मला म्हणाली, बघा.
पुंकेसरांचा झुबका. मधे जिथे कुक्षी हवी
तिथे काहीच नाही.
"काका, वांझ कसलो? दादलो आसा तो."

तीस वर्षं मी फुलं वाहून आणली
आणि एकदाही आत पाहिलं नव्हतं.

"वाडीत आणखी नर आहे का?"
नाही. चिपकरांचा होता, रस्त्यात गेला.
"मग शेजारच्या झाडांना परागकण कुठून मिळतो?"
कुंपणापलीकडे जनाबाई चिपकरणीच्या दोन माद्या
एप्रिलात लाल होऊन वाकतात,
आणि ती मला हिणवते, तुझ्या झाडाक काय झाला?

बायकोला समजावलं. ती हसली, मग कोयता दाराआड ठेवला.
मेमध्ये मी पत्र्याचा डबा घेऊन कुंपणापाशी गेलो.
जनाबाईला सगळं सांगितलं, पुंकेसर, कुक्षी, सगळं.
तिने पदर तोंडाला लावला. "मेल्या, लाज नाय तुका."
पण डबा भरून दिला.

त्याच्या आमसुलांना बायकोने चिठ्ठी लावलीय,
बरणीवर, माझ्याच लेबलांसारखी, नाव आणि तारीख:
बापाचा वाटा.

स्पॉट नंबर सात मी खाडीत खोचला
परीक्षेच्याच संध्याकाळी, भरती यायच्या आत.
परवा गेलो होतो. दोन पानं आहेत.